नाशिकचा शब्द आणि परदेशचा कागद

नाशिकला जाणाऱ्या कुटुंबाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. सकाळी रामकुंड, मग काळाराम मंदिर, सीतागुंफेत वाकून शिरण्याची मुलांची हौस, दुपारी पांडवलेणी, सायंकाळी भांडीबाजारात एखादे तांब्याचे घंगाळे नाही तर पितळी समई, आणि सवड असलीच तर दुसऱ्या दिवशी त्र्यंबकेश्वर. परतताना पिशवीत चिवडा असायचाच. या कार्यक्रमाला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण याच नाशकात आणखी एक यात्रा करता येते. तिच्यात जर्मन आहेत, रशियन आहेत, फ्रेंच आहेत, डच आहेत. कोणी येथे कारखाना काढला, कोणी विमाने बांधायला शिकवले, कोणी मद्याची कोठी उभारली, तर कोणी हजारो मैलांवर बसून आपल्या द्राक्षाचा मणी किती मिलिमीटरचा असावा हे ठरवले. प्रत्येक जण येताना आपल्या देशाच्या सवयी बरोबर घेऊन आला. त्या सवयींची आणि आपल्या सवयींची गाठ कशी पडली, कोठे जमले, कोठे अडले, हे पाहण्याची ही यात्रा.

सुरुवात नाशिकरोडपासूनच करू. आगगाडीतून उतरलेला प्रवासी गावात जाण्याच्या घाईत असतो. आपण ज्या गावात उतरलो तेथे देशाचा विश्वास छापला जातो हे त्याच्या ध्यानात येत नाही. हिंदुस्थानची टपाल तिकिटे पूर्वी लंडनमधील दे ला रू कंपनीकडून छापून येत. १९२५ मध्ये नाशिकरोडला सरकारी मुद्रणालय उभे राहिले आणि तिकिटे येथे निघू लागली. १९२८ मध्ये शेजारी नोटांचा छापखाना आला. मुद्रांकाचे कागद येथले, पारपत्राची पुस्तिका येथली. अनोळखी माणसाने अनोळखी माणसावर विश्वास ठेवायचा तर मध्ये काहीतरी साक्षीदार लागतो. तो साक्षीदार म्हणजे हा कागद.

आता गंमत पाहा. ज्या गावात मुद्रांकाचा कागद छापला जातो, त्याच गावाच्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या शब्दावर व्यवहार चालत आला. सराफबाजारात किंवा भांडीबाजारात जुन्या गिऱ्हाइकाला कोणी पावती मागत नाही, आणि गिऱ्हाईकही दुकानदाराला हमीपत्र मागत नाही. “अहो, तुमच्या वडिलांपासूनचे खाते आहे” एवढ्या वाक्यावर काम होते. आधी बसा, पाणी घ्या, चहा घ्या, मुलीचे लग्न कोठे जमले ते सांगा; मग भावाची गोष्ट. बाहेरच्या माणसाला हा वेळेचा अपव्यय वाटतो. आपल्याला तोच व्यवहाराचा पाया वाटतो. माणूस कळल्याशिवाय माल कसा घ्यायचा?

परकी माणसे आली आणि नेमका येथेच पहिला अडथळा आला. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीकडे जाताना मायको सर्कल लागते. मोटर इंडस्ट्रीज कंपनी या नावाच्या आद्याक्षरांवरून हे ‘मायको’ झाले. जर्मनीच्या बॉश उद्योगाची ही हिंदुस्थानी शाखा १९५१ मध्ये बंगळुरात निघाली आणि पुढे सत्तरीच्या सुमारास नाशकात आली. २००८ मध्ये कंपनीने नाव बदलून बॉश केले; नाशिककरांनी चौकाचे नाव काही बदलले नाही. रिक्षावाल्याला आजही ‘मायको सर्कल’ म्हणूनच सांगावे लागते. डिझेल इंजिनात इंधनाचा फवारा उडवणारे भाग येथे तयार होतात. या भागांत मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाचा हिशेब असतो. ‘साधारण बसेल’ हा शब्दप्रयोग तेथे चालत नाही. शेतात, घरात, लग्नाच्या मांडवात आपण ‘साधारण’वर फार चांगले निभावून नेतो, पण फवाऱ्याच्या सुईला ‘साधारण’ समजत नाही. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या मुलांनी ही काटेकोर शिस्त उचलली. त्यातून लहान कारखानदारांची एक पिढी सातपूर-अंबडला तयार झाली. नाशिकला मिळालेली ही शिदोरी पगारापेक्षा मोठी आहे.

या सवयींचा शास्त्रीय अभ्यास करणारा एक डच पंडित होऊन गेला. त्याचे नाव खेर्त हॉफस्टेड. १९२८ मध्ये जन्मलेला हा गृहस्थ २०२० मध्ये वारला. आयबीएम या अमेरिकन कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील नोकरांना १९६७ ते १९७३ या काळात एकच प्रश्नावली दिली गेली होती. कंपनी एक, काम एक, तरी उत्तरे देशागणिक वेगळी का, हा प्रश्न त्याने घेतला आणि १९८० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. वरच्या आणि खालच्या माणसातले अंतर समाज किती सहज मानून घेतो, याचे त्याने एक माप काढले. त्या मापावर हिंदुस्थान ७७, हॉलंड ३८ आणि जर्मनी ३५. दुसरे माप होते अनिश्चिततेच्या धास्तीचे. त्यावर जर्मनी ६५, हॉलंड ५३ आणि आपण ४०. म्हणजे उद्या काय होईल हे आज लिहून ठेवल्याशिवाय जर्मनाला झोप येत नाही. आपण ‘बघू, होऊन जाईल’ म्हणून कुशीवर वळतो.

हे आकडे देवाचा शब्द नव्हेत. एका कंपनीच्या शिकलेल्या नोकरांवरून सगळा देश मापणे धाडसाचे आहे, आणि सरासरीवरून समोरचा एक माणूस ओळखता येत नाही. पण ७७ हा आकडा वाचून नाशिककराने एकदा काळाराम मंदिराच्या दाराकडे पाहावे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पाच वर्षे चालला. वर कोण, खाली कोण, आत कोण, बाहेर कोण, हे अंतर कारखान्याच्या दारात आपोआप गळून पडत नाही. साहेबाला वाईट बातमी कशी सांगावी म्हणून हाताखालचा माणूस गप्प राहतो. परदेशी पाहुणा “शुक्रवारी माल निघेल ना?” असे विचारतो, आणि आपला माणूस मान डोलावून ‘हो’ म्हणतो. त्या ‘हो’चा अर्थ ‘तुमचे म्हणणे ऐकले’ एवढाच असतो. पाहुणा तो करार समजतो. कोणी खोटे बोललेले नसते, तरी शुक्रवारी दोघांचाही विरस होतो. ज्या कारखान्यांनी कामगाराला ‘साहेब, हे चुकते आहे’ म्हणण्याची मुभा दिली, तेथे मालही सुधारला आणि माणूसही ताठ झाला. परक्याकडून घेण्यासारखी ही गोष्ट आहे. आणि ती काळारामाच्या दारात आपल्याच माणसांनी आपल्याला आधी सांगितली होती.

आग्रा रोडने वीसेक किलोमीटर गेले की ओझर येते. येथला विमानांचा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला तो सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने मिग-२१ बांधण्यासाठी. सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसात कोरापुटला आणि विद्युत्‌उपकरणे हैदराबादला, अशी वाटणी होती. या व्यवहाराची तऱ्हा जर्मन व्यवहाराहून अगदी वेगळी. येथे कंपनीने कंपनीशी भाव केला नाही. सरकारने सरकारशी केला. दोन्ही देशांतला व्यापार रुपयांत चाले आणि आपल्या मालाने त्याची फेड होई. नकाशे आणि सूचना रशियन भाषेत, म्हणून तंत्रज्ञांना त्या भाषेशी झटापट करावी लागली. मैत्री हाच या व्यवहाराचा तारण-गहाण होता. मैत्रीचा आधार मोठा खरा, पण १९९१ मध्ये सोव्हिएत संघच विसर्जित झाला, तेव्हा सुट्या भागांची चणचण आपल्या वायुदलाला चांगलीच जाणवली. एकाच घराशी सोयरीक असली की त्या घराच्या वाटण्या झाल्यावर पंचाईत होते, त्यातलाच हा प्रकार. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ ला निरोप देण्यात आला, आणि त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला ओझरहून स्वदेशी तेजस जातीचे विमान उडाले. साठ वर्षांची शिकवणी अशी फळाला आली.

आणि आता द्राक्षे. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत हा मुलूख दिवाळीच्या सुमारास पाहावा. बाकी जगात द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून एकदा होते, येथे दोनदा. एप्रिलच्या उन्हात खरड छाटणी, ती काडी तयार होण्यासाठी. आणि दसरा-दिवाळीच्या आगेमागे गोडी छाटणी, ती फळासाठी. शहरात आपण फराळाच्या ताटाशी बसलेले असतो तेव्हा बागाईतदार पहाटे बागेत पानांची खालची बाजू उलटून डावणी आली का ते पाहत असतो. घड तयार होतात जानेवारी ते एप्रिलमध्ये. त्या वेळी युरोपात हिवाळा असतो आणि तेथल्या वेली उघड्या असतात. त्या मोकळ्या खिडकीतून नाशिकचे द्राक्ष युरोपच्या दुकानात शिरले.

न्हावा-शेवा बंदरातून बोटीत चढलेला गारेगार डबा हॉलंडच्या रॉटरडॅमला जातो. बागाईतदाराला विचारा, तो सांगेल की माल चांगला असणे ही अर्धीच गोष्ट. मणी सोळा-अठरा मिलिमीटरचा हवा, गोडी मापून हवी, पेटीत गंधकाचा कागद हवा, आणि बाग कधी कोणत्या औषधाने फवारली याची नोंद हवी. आपल्या बाजारात गिऱ्हाईक एक मणी तोंडात टाकून भाव करते. हॉलंडचे गिऱ्हाईक द्राक्षाच्या आधी कागद चाखते.

या फरकाची किंमत २०१० मध्ये मोजावी लागली. ‘सीसीसी’ नावाचे एक संजीवक आहे. बागाईतदार त्याला लिहोसीन म्हणून ओळखतात. खरड छाटणीनंतर वेलीची नुसती वाढ रोखून काडी फळाऊ करण्यासाठी ते वापरत. त्या वर्षी युरोपात उतरलेल्या आपल्या द्राक्षांत त्याचा अंश सापडला. आपल्या प्रयोगशाळा ज्या रसायनांची तपासणी करीत त्या यादीत हे नावच नव्हते. युरोपची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. द्राक्ष गोड होते, टिकाऊ होते, आपल्याकडची तपासणी उतरलेले होते. तरी डबे अडकले, माल पडून राहिला, आणि कित्येक बागाईतदारांचे वर्ष बुडाले. वर्ष बुडणे म्हणजे काय हे शहरातल्या पगारदाराला चटकन कळत नाही. सोसायटीचे कर्ज, औषधाच्या दुकानाची उधारी आणि मुलीचे ठरलेले लग्न ही सगळी एका हंगामावर टांगलेली असतात.

दोष कोणाचा, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. त्याच्या मुळाशी नियम वाचण्याच्या दोन पद्धती होत्या. आपण म्हणतो, ‘यादीत नाही, म्हणजे विचारणार नाहीत.’ त्यांचा कायदा म्हणतो, ‘मर्यादा ठरली आहे, तुम्ही तपासा वा न तपासा, ती लागूच.’ आपल्याकडे नियम हा समोरच्या साहेबाशी बोलून निभावून नेण्याचा विषय असतो. त्यांच्याकडे साहेबच नियमाला बांधलेला असतो.

नाशिककर रडत बसला नाही, हे मात्र अभिमानाने सांगितले पाहिजे. अपेडा या निर्यात संस्थेने २००६ मध्येच ‘ग्रेपनेट’ नावाची नोंदवही संगणकावर मांडली होती. प्रत्येक बागेची नोंदणी, बागेला क्रमांक, प्रयोगशाळेच्या माणसाने स्वतः येऊन घेतलेला नमुना. पेटीवरच्या आकड्यावरून माग काढीत थेट दिंडोरी तालुक्यातल्या त्या बागेपर्यंत पोचता येते. २०१० नंतर तपासणीची यादी वाढली आणि दक्षताही वाढली. मोहाडी येथे विलास शिंदे यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी ‘सह्याद्री’ ही आपली कंपनी उभी केली. ती आज देशातल्या मोठ्या द्राक्ष निर्यातदारांत मोडते. २०२२ मध्ये युरोपातल्या चार संस्थांनी या उद्योगात ३१० कोटी रुपये गुंतवले; त्यांत एक डच होती, एक फ्रेंच. ज्यांनी कागद मागितला होता, त्यांनी कागद पाहून पैसा दिला.

पण परक्यांचेच नियम काच करतात असे समजू नये. लासलगावला जाऊन पाहा. येथली बाजार समिती १९४७ ची, आणि कांद्याच्या बाजारात तिचे नाव देशभर. ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर उभे असतात, व्यापारी चालत चालत बोली करतात, आणि काही क्षणांत शेतकऱ्याच्या चार महिन्यांचा निकाल लागतो. तोंडी बोललेला भाव फिरत नाही. येथे शब्द कागदाइतका पक्का. अमावास्येला लिलाव बंद ठेवण्याची प्रथाही या भागात वर्षानुवर्षे होती. ती आडते-हमालांना ठाऊक असे, म्हणून कोणाचे अडत नसे. अडते ते अचानकपणाने. २०१९ मध्ये, २०२० मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली. शेवटची बंदी मे २०२४ मध्ये उठली. कांदा महागला की आपल्या घरात चूल कुरकुरते आणि सरकारच्या खुर्चीचे पाय हलतात; म्हणून बंदी. शहरातल्या गृहिणीची अडचण खरीच आहे. पण ढाक्याच्या किंवा क्वालालंपूरच्या व्यापाऱ्याने वर्षानुवर्षे नाशिकच्या कांद्यावर भिस्त ठेवावी आणि एका रात्रीत दार लागावे, हाही शब्द मोडणेच झाले. तो दुसऱ्या देशाकडे वळला तर त्याला बोल कसा लावावा? आपण परक्यांच्या ०.०५ मिलिग्रॅमवर रागावतो, तेव्हा आपल्या या सवयीकडेही पाहावे.

गंगापूर धरणाच्या बाजूला गेले की द्राक्षाचे दुसरे रूप दिसते. अमेरिकेत शिकून, नोकरी करून परतलेल्या राजीव सामंत यांनी येथे ‘सुला’ची वाइन काढली, पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. पुढे फ्रान्सच्या शांदोंने दिंडोरीत आपली कोठी उभारली. फ्रेंच माणसाच्या घरी जेवणाबरोबर ती लागते, आजोबांपासून सारे घेतात. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदीचा कायदा आणि त्याहून जुना आईचा डोळा! तरी आज सुटीच्या दिवशी तेथे मुंबई-पुण्याची कुटुंबे दिसतात. आजी-आजोबा द्राक्षवेलींत छायाचित्रे काढून घेतात, आणि नातू त्यांच्यासाठी सरबत मागवतो. फ्रेंचांची चीज आली, पण तिने आपल्याकडे सहलीचे रूप घेतले. परकी वस्तू नुसती येत नाही. ती उंबऱ्यावर पाय पुसून आत येते.

उलट बाजूची रहदारी पाहायची असेल तर इगतपुरीला उतरावे. ब्रह्मदेशात मंडालेला जन्मलेले सत्यनारायण गोएंका मुळात व्यापारी. त्यांनी १९७६ मध्ये येथे धम्मगिरी ही विपश्यनेची जागा सुरू केली. युरोप-अमेरिकेची माणसे येतात आणि दहा दिवस मौन पाळतात. राहण्या-जेवणाचे शुल्क नाही. शिबिर पुरे केल्यावर ज्याला द्यावेसे वाटेल त्याने दान द्यावे. आधी माल, मग स्वखुशीने मोल! ज्या देशांत पेटीवरच्या आकड्याशिवाय पान हलत नाही, त्या देशांची माणसे येथे केवळ विश्वासावर चालणारा व्यवहार पाहतात.

मग नाशिकचा शब्द खरा की परदेशचा कागद? याचे उत्तर पांडवलेण्यांच्या दहाव्या लेण्यात, दगडावर कोरलेले आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात उषवदात हा शक राजा नहपानाचा जावई होता. म्हणजे मुळातल्या परक्या कुळातला. त्याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण जवळच्या गोवर्धन गावातील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. २,००० वर दरमहा शेकडा एक व्याज आणि १,००० वर पाऊण. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होते, आणि त्यातून वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढे वापरायचे. हे सारे नगराच्या सभेत जाहीर केले आणि नोंदवून ठेवले. हिशेब चोख, अटी स्वच्छ, साक्षीदार अवघे नगर. मुलांना लेणी दाखवताना मूर्तींबरोबर हा लेखही दाखवावा.

आणि ज्यांना दगड दूरचा वाटतो त्यांनी रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडे जावे. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की गुरुजी बासनातली चोपडी काढतात आणि पणजोबा कधी आले, बरोबर कोण होते, ते वाचून दाखवतात. पेटीवरून बाग शोधणारी ग्रेपनेट आणि नावावरून कूळ शोधणारी ही चोपडी यांत तत्त्वतः फरक तो काय? नोंद ठेवणे आपल्या रक्तात नाही असे कोणी म्हटले तर त्याला ही चोपडी दाखवावी. आपण जे टिकावे असे वाटले ते जपून लिहिले; व्यापाराचा माल तेवढ्या मोलाचा मानला नाही, इतकेच.

राष्ट्राच्या सवयी या वेलीसारख्या असतात. मूळ एकाच जागी राहते, पण छाटणी करता येते, आणि छाटल्याशिवाय फळ येत नाही. पाहुण्याला आधी पाणी विचारण्याची रीत ठेवावी. वाईट बातमी लपवण्याची रीत छाटावी. शब्द पाळण्याची रीत ठेवावी. तो मोघम देण्याची छाटावी. २०२७ मध्ये सिंहस्थ येत आहे. कोट्यवधी माणसे गोदेवर येतील, आणि बहुतेकांच्या यादीत रामकुंड नि त्र्यंबक असेल. त्यांतल्या काहींनी एक दिवस मोकळा ठेवून सातपूर, ओझर, मोहाडी आणि लासलगावची वाट धरावी. आणि जाताना मुलांना सांगावे, की या गावाचा माल जगात जातो, आणि त्याच्यामागोमाग आपला शब्दही जातो.